दुसऱ्याच मनगटावरच्या रात्री

माझे वय चार वर्षे. मित्रांनो, तुमच्याकडे चार वर्षांचे मूल अजून डाव्या पायात उजवी चप्पल घालते. आमच्या कुळात चार वर्षे म्हणजे पणजोबा. मी एक जुना मनगटी पट्टा आहे. वेळ दाखवायची, पावले मोजायची आणि माणूस झोपला की त्याच्या रक्तात प्राणवायू किती आहे हे रात्रभर बघत बसायचे, हे माझे काम. काम होते, असे म्हणायला हवे. आता सकाळी मला पोटभर वीज पाजली तरी दुपारच्या जेवणापर्यंत मी मान टाकतो. काचेच्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे. पट्ट्याचे तिसरे भोक फाटले होते, त्याला काकूंनी सदऱ्याच्या काजासारखे टाके घालून दिले. रबराला काज असलेला पट्टा तुम्ही दुसरीकडे पाहिला नसेल.

मी फार थकलो आहे. जागरणाची नोकरी वाईट असते.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. तिथे सगळ्यांच्या डोक्याला टोप्या आणि हातात मोजे होते. एका बाईने चिमट्याने माझ्या पोटात दोन दिवे बसवले. एक लाल आणि दुसरा माणसाच्या डोळ्याला न दिसणारा. त्यांच्याशेजारी तिने एक बारीकसा डोळा बसवला. माझी विद्या एवढीच. मी कातडीवर उजेड टाकतो आणि परत येणारा उजेड त्या डोळ्याने बघतो. प्राणवायूने भरलेले रक्त लालभडक असते आणि तो कमी झाला की रक्त जरा काळपट होते. त्यावरून मी अंदाज बांधतो. अंदाज, मित्रांनो. हा शब्द माझ्या खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला होता, आणि तो अजून कोणी वाचलेला मी पाहिला नाही.

माझी पहिली मालकीण चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक मुलगी होती. दिवसभर ती काचा घासून चौकटीत बसवायची आणि रात्री पाठ टेकताक्षणी झोपायची. शंभरात सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, पुन्हा सत्त्याण्णव. तिची प्रत्येक रात्र ताणून बांधलेल्या दोरीसारखी सरळ होती. सकाळी ती माझ्याकडे बघून म्हणायची, "शहाणा आहेस." शहाणी तीच होती, पण कौतुक मी ठेवून घेत असे. पुढे फार कौतुक वाट्याला आले नाही, तेव्हा बरे झाले.

तिचे आईवडील दुसऱ्या गावी राहत. वडील शाळेची बस चालवत. पोरे त्यांना हळूकाका म्हणत, कारण त्यांची बस सायकलीलाही पुढे जाऊ देई. आई घरी बसून कपड्यांना काजे-बटणे करून देई. पोरांच्या हिशेबाने ती आपोआप काकू झाली, म्हणून मीही तिला काकूच म्हणतो.

एका रविवारी लेक फोनवर बापाशी बोलत होती. दुकानात आलेल्या एका आजोबांची गंमत सांगत होती. ते नाकावर चष्मा ठेवून चष्माच शोधत होते. समोरून हसू आले नाही. फोन हळूहळू कलंडला आणि पडद्यावर वडिलांच्या ऐवजी घराचे छत दिसू लागले.

"बाबा? ऐकताय ना?"

उत्तरादाखल घोरणे ऐकू आले. मग एका हाताने फोन उचलला आणि काकूंचा चेहरा दिसला.

"झोपले गं."

"मी बोलत असताना?"

"मी बोलताना तर रोजच झोपतात. आज तुझी पाळी."

काकू हसल्या, पण लेक हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला मनगटावरून काढले, चष्म्याच्या डबीत मऊ फडक्यात गुंडाळले आणि पाठवून दिले. सोबत चिठ्ठी होती. 'बाबा, रात्री घालून झोपायचं. सकाळी फोनवर हिरवं बटण दाबलं की तुमची रात्र माझ्याकडे येईल. कारणं सांगायची नाहीत.'

हळूकाकांनी मला बांगडीसारखे सैल घातले. "एवढं आवळलं तर हात निळा पडेल," ते म्हणाले आणि तोच हात उशीखाली घालून झोपले. मी कधी कोपराकडे घसरे, कधी पंजाकडे. माझ्या उजेडात मधूनच दिव्याचा उजेड, उशीचा अंधार आणि सदऱ्याची बाही येई. त्या गोंधळात मला जे दिसले ते मी लिहिले. एकोणऐंशी.

सकाळी काकांनी न बघताच हिरवे बटण दाबले आणि सहाला फोन वाजला. लेक रडायच्या बेतात होती. काकूंच्या हातातला कप खाली पडला. त्या दिवशी बसवर दुसरा ड्रायव्हर गेला, आणि काका, काकू आणि मी अशी तिघांची वरात दवाखान्यात पोहोचली.

डॉक्टरीणबाईंनी काकांच्या बोटाला एक चिमटा लावला. त्याने सांगितले, अठ्ठ्याण्णव. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि माझ्या नि मनगटाच्या मधून दोन बोटे आरपार घातली.

"यातून मांजर जाईल," त्या म्हणाल्या.

"म्हणजे घड्याळ खोटं बोलतंय," काका म्हणाले. त्यांना एकदम बरे वाटू लागले होते.

"खोटं नाही बोलत. त्याला नीट दिसलंच नाही. हात गार असला, अंगाखाली दबला, पट्टा सैल असला, की असं होतं." त्यांनी मला हाडाच्या जरा वर सरकवले आणि बेताने आवळले. "असं घालायचं. आणि एका रात्रीचा एक आकडा घेऊन माझ्याकडे धावत यायचं नाही. दोन आठवडे घाला. आकडा एकदाच खाली गेला तर सोडून द्या. पण रोज रात्री पुन्हा पुन्हा खाली जाऊन वर येत असेल, तर मात्र लगेच या."

"आता तर अठ्ठ्याण्णव आहे ना?"

"आता तुम्ही जागे आहात. जागेपणी येणारच. मला तुमच्या झोपेचं विचारायचंय. घोरता का?"

काकूंनी तोंड उघडले.

"घोरत कोण नाही?" काका म्हणाले. काकूंनी तोंड मिटले.

"दिवसा पेंग येते?"

"पहाटे पाचला उठणाऱ्याला येणारच की."

"काम काय करता?"

"गाडी चालवतो," काका म्हणाले. कसली गाडी आणि तिच्यात कोण बसते, हे त्यांनी सांगितले नाही.

त्यानंतरच्या तीन रात्री मी त्यांच्या मनगटावर नीट बसलो होतो. माझा डोळा कातडीला टेकला होता, हात उबदार होता आणि उशी लांब होती. त्या तीन रात्री मी जे पाहिले, त्याबद्दल मला अजूनही शंका नाही. काका घोरत. मग घोरणे एकदम थांबे. छाती हालायची, पण आत वारा जात नसे. पंच्याण्णव, ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. मग बुडणारा माणूस पाण्याबाहेर येतो तसा हवेचा एक मोठा घोट, अंगाला हिसका आणि पुन्हा पंच्याण्णव. पाचेक मिनिटे गेली की पुन्हा तेच, असे रात्रभर चाले. त्यांना त्यातले काहीच आठवत नसे. सकाळी ते म्हणत, "आठ तास झोपलो, तरी अंग कसं मोडल्यासारखं आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांनी फोन आरशाला टेकवून उघडला आणि दोन बोटांनी माझा आलेख मोठा केला. बराच वेळ बघत राहिले. गालावरचा फेस वाळून गेला.

"करवत आहे ही," ते स्वतःशीच म्हणाले. हिरवे बटण त्यांनी दाबले नाही. त्या तिन्ही रात्री त्यांनी पुसून टाकल्या. लेकीला सांगितले, विसरलो.

मित्रांनो, हळूकाका वाईट माणूस नव्हते. पुढच्या महिन्यात शाळेच्या ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी होती. तिथे हा आलेख गेला तर बसची किल्ली काढून घेतील, एवढेच त्यांना दिसत होते. भीती वाटली की माणसाला एवढेच दिसते. त्याच संध्याकाळी काकू खिडकीपाशी बसून शाळेच्या सदऱ्याला काजे घालत होत्या. काका समोर येऊन बसले आणि मला मनगटावरून सोडवले.

"अगं, हे रात्री तू घालत जा."

"मी? मला काय झालंय?"

"काही झालेलं नाही, म्हणूनच."

काकूंची सुई थांबली. "पोरीला फसवायचं?"

"फसवायचं कशाला? तिला सुखाची झोप लागू दे. तपासणी एकदा होऊन जाऊ दे, मग मी आपणहून जातो डॉक्टरीणबाईंकडे. बावीस वर्षं स्टिअरिंग धरलंय. खाली उतरवलं तर मला दुसरं येतं काय? तुझ्याशेजारी बसून काजं घालू?"

"तुमच्या बोटांना नाही जमायचं," काकू म्हणाल्या. मग त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या बोटांची टोके सुईने खरबरीत झाली होती आणि मनगट इतके बारीक, की मला शेवटच्या भोकात अडकवावे लागले.

तेव्हापासून माझी दुहेरी नोकरी सुरू झाली. दिवसा काकांचे मनगट, रात्री काकूंचे. सकाळी हिरवे बटण दाबले जाई आणि लेकीचा निरोप येई. 'बाबा, सत्त्याण्णव. मस्त.' दुसऱ्या दिवशी, 'बाबा, अठ्ठ्याण्णव. मला मागे टाकलंत.' काका तो निरोप वाचून फोन पालथा ठेवत.

मी एकही चुकीचा आकडा लिहिला नाही. माझी सगळी शिक्षा यातच आहे. सगळे आकडे खरे होते आणि त्यांचा मिळून एक मोठा खोटेपणा होत होता.

काकूंच्या मनगटावर मी एक नवीन गोष्ट शिकलो. त्या झोपतच नसत. डोळा लागे, पण शेजारचे घोरणे थांबले की त्यांची नाडी उडी मारी आणि त्या जाग्या होत. अंधारात त्यांचे बोट चादरीवर टकटक करू लागे. एक, दोन, तीन. मला आधी वाटले ही बोटांची सवय असेल, दिवसभर टाके मोजण्याची. पण त्या टाके मोजत नव्हत्या. श्वास परत येईपर्यंत मोजत होत्या. वीस झाले, पंचवीस झाले, की त्या कोपराने हलकेच ढोसत. तिकडून तो मोठा घोट ऐकू आला की बोट थांबे. असे दोन-चार वेळा झाले की पुन्हा डोळा लागे, आणि पुन्हा जाग. माझ्या दोन दिव्यांच्या कितीतरी आधीपासून या घरात एक पहारेकरी होता, आणि त्याला पट्टा, खोके, बॅटरी काहीच नव्हते.

त्यांची प्रत्येक जाग मी इमानाने लिहीत गेलो. प्राणवायूच्या मोठ्या आकड्याखाली, बारीक ओळीत. ती ओळ कोणी वाचली नाही.

दिवसा मी बसमध्ये असे. तुमच्यासारखीच पोरे, पाठीवर दप्तरे, हातात पाण्याच्या बाटल्या. पोरांना उतरवायला-चढवायला एक बसमावशी होत्या. काका दाताखाली लवंग धरून गाडी चालवत, खिडकी उघडी ठेवत, मानेवर ओला रुमाल टाकत. पोरांना वाटे, काका आपल्या काळजीने हळू चालवतात. पूर्वी ते खरे होते. आता त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नव्हता, म्हणून ते आणखी हळू झाले होते.

"हळूदादा, आज कासवानं ओव्हरटेक केलं आपल्याला," बसमावशी म्हणत.

"त्याला घाई असेल."

"तुम्हाला पण घाई करायला काय हरकत आहे? घरी जाऊन झोपा जरा. डोळे बघा, पिकल्या टोमॅटोसारखे."

काका हसून गियर टाकत. त्यांच्या हाताची पकड माझ्याखाली कधी घट्ट होई आणि कधी ढिली. ढिली झाली की मला ओरडावेसे वाटे. पण मला ओरडता येत नाही. फार तर थरथरता येते, तेही कोणी गजर लावून ठेवला असेल तरच.

मग तो दिवस आला. दुपारची फेरी होती, बाहेर ऊन होते आणि बसमध्ये अकरा पोरे उरली होती. लाल दिव्याला काकांनी बस थांबवली. पुढे गाद्यांनी भरलेला टेम्पो उभा होता. दिवा लांबला. काकांच्या हाताची पकड सुटली, मान खाली आली, आणि ब्रेकवरचा पाय हलका झाला. बस आपल्या आपण पुढे सरकू लागली.

ती वेगाने गेली नाही. चालत्या माणसाएवढीच गेली. टेम्पोच्या गाद्यांना जाऊन मऊपणे टेकली आणि थांबली. पोरे खदखदून हसली. "हळूकाकांनी गादीला धक्का दिला." पण पुढच्या बाकावरची एक छोटी मुलगी सीटखाली घरंगळलेली बाटली उचलायला वाकली होती. ती पुढच्या लोखंडी दांड्यावर आपटली. तिचा ओठ फुटला.

बसमावशींनी तिला मांडीवर घेतले, रुमालाने ओठ दाबून धरला आणि काकांच्या पाठीमागे येऊन हळू आवाजात विचारले, "दादा, ब्रेक लागला नाही की डोळा लागला?"

"ब्रेक सैल झालाय," काका म्हणाले.

"ऑफिसात मी काय सांगू?"

"ब्रेकच सांग."

मावशींनी आरशातून त्यांच्याकडे पाहिले. "सांगते. माझ्या मांडीवर रक्ताचा डाग आहे, तो पण ब्रेकचाच सांगते."

संध्याकाळी मेकॅनिक तासभर बसखाली पाठीवर पडून होता. काका शेजारी उभे होते आणि मी त्यांच्या मनगटावर. तो बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "काका, ब्रेकला काही झालेलं नाही. नव्यासारखा आहे. पुढच्या वेळी दुसरं काहीतरी सांगा."

मला त्या ब्रेकबद्दल फार वाईट वाटले. आम्हा यंत्रांच्या नशिबी हे असतेच. दवाखान्यात पट्टा खोटा ठरला, रस्त्यावर ब्रेक खोटा ठरला. आम्हाला तोंड नाही, म्हणून आमच्या नावावर काहीही खपते.

काका घरी आले, पण जेवताना त्यातले काहीच बोलले नाहीत. रात्री काकूंनी नेहमीप्रमाणे मला हातात घातले. बोट चादरीवर टकटकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. काका चहा घेत होते, काकू सदरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी अजून त्यांच्याच हातात होतो. फोन वाजला. काकांनी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"बाबा, ऑक्सिजन छान आहे," लेक म्हणाली. "पण आज मी खालची बारीक ओळ वाचली. एवढे दिवस नुसता मोठा आकडा बघत होते. रात्रीतून अकरा वेळा जाग. परवा तेरा. त्याच्या आधी बारा. एवढे का जागे होता तुम्ही?"

"वय झालं गं. पाणी प्यायला उठतो."

"तेरा वेळा? हत्ती आहात का?"

काका हसले नाहीत. काकूंनी सुई सदऱ्याला टोचून ठेवली आणि सदरा बाजूला सारला.

"ती जाग माझी आहे," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"घड्याळ माझ्या हातात असतं. तीन आठवडे झाले. आकडे पण माझेच."

काकांनी कप बशीत ठेवला, तो तिरका बसला.

"आई, तू का जागी असतेस?"

"यांचा श्वास थांबतो. मग मला जाग येते. परत येईपर्यंत मोजते."

"किती मोजतेस?"

"वीस. कधी तीस. एकदा चाळीस झाले. पुढचं मला मोजता आलं नाही, मी हलवून उठवलं."

काका काकूंकडे बघत राहिले. ही गोष्ट ते पहिल्यांदा ऐकत होते.

"मला कधी उठवलंस?"

"रोजच उठवते. कोपरानं. तुम्हाला वाटतं, कूस बदलताना लागला."

"किती वर्षं?"

"पोरगी कॉलेजात होती तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"डॉक्टरीणबाईंपुढे तोंड उघडलं होतं," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग यायला जी ताकद लागते तीच नव्हती.

काका फोनकडे वळून म्हणाले, "काल बस माझ्या हातून सरकली. मला झोप लागली होती. एका पोरीचा ओठ फुटला. मी ब्रेकवर ढकललं." एवढे बोलून ते उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. लेक फोनवर रडत होती. काकूंनी तिला म्हटले, "रडू नकोस. मला आता जरा बोलू दे. खूप दिवसांचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी पहिली बस सुटण्याआधी काकांनी वाहतूक सांभाळणाऱ्या साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवली. "साहेब, ब्रेक नीट होता. मला झोप लागली होती." साहेब बोलायचे ते बोलले. त्यातले निम्मे तुम्हाला सांगण्यासारखे नाही. शेवटी म्हणाले, "अकरा पोरं होती, काका. पुढे गाद्यांऐवजी सळया असत्या तर?" काकांनी मान खाली घातली. या वेळी त्यांनी कारण बनवले नाही. त्या मुलीच्या घरीही ते स्वतः गेले. तिच्या वडिलांनी त्यांना दारातच उभे केले. ते सगळे बोलणे काकांनी उभ्यानेच ऐकून घेतले.

मग झोपेची तपासणी झाली. एक रात्र दवाखान्यात, डोक्याला, छातीला, बोटांना तारा लावून. आदल्या तीन रात्री मी पुन्हा त्यांच्या मनगटावर होतो. त्या करवती डॉक्टरीणबाईंनी मोठ्या यंत्राच्या कागदाशेजारी ठेवल्या. म्हणाल्या, "घड्याळाला रोग ओळखता येत नाही. त्यानं दार वाजवलं, एवढंच. दार उघडायचं काम तुमचं होतं." झोपेत काकांचा घसा मिटत होता आणि श्वास तासाला कितीतरी वेळा थांबत होता. त्यांना रात्री नाकावर लावायचा एक मुखवटा मिळाला. नळीतून हवा देऊन तो घसा उघडा ठेवतो. पुन्हा गाडी चालवायची की नाही, हे उपचार लागू पडल्यावर, दुसऱ्या तपासणीनंतर ठरणार होते. तोवर साहेबांनी त्यांना शाळेच्या फाटकावर उभे केले. ते हातात शिट्टी घेऊन बस आत-बाहेर सोडत. पोरे खिडकीतून विचारत, "हळूकाका, बसवर कधी येणार?"

"डॉक्टरीणबाई म्हणतील तेव्हा."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर तुम्ही फाटकावर येऊन भेटायचं."

मला मात्र पुन्हा काकूंच्या हातात घालण्यात आले. काकांनीच घातले. म्हणाले, "आता तुझीच रात्र बघू."

तुम्हाला वाटेल, मुखवटा आला आणि काकू सुखाने झोपल्या. तसे झाले नाही. पहिल्या रात्री घोरणे नव्हते, नुसता नळीतल्या हवेचा बारीक आवाज होता, आणि काकू टक्क जाग्या. एवढी शांतता त्यांना सहन होईना. त्या अंधारात हात लांब करून काकांच्या छातीवर ठेवत, ती वरखाली होते ना ते बघत. नऊ वेळा जाग. दुसऱ्या रात्री दहा. इतक्या वर्षांचा पहारा एका यंत्राच्या भरवशावर कोण सोडून देईल? मलाही जमले नसते. आठवड्याने सात झाले. मग पाच. त्यांचे बोट चादरीवर जाई, दोन-तीन टकटक होत आणि मोजायला काही नाही हे कळून थांबे.

एके दिवशी पहाटे काकूंचा गजर झाला. मी थरथरलो. काकू उठल्या नाहीत. मी पुन्हा थरथरलो. काकांनी मुखवटा काढला, त्यांच्याकडे पाहिले आणि माझ्या काचेवर बोट ठेवून मला गप्प केले. मग ते उठले आणि पडदा ओढून घेतला. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी कप फडक्यावर ठेवले. काजांचे गिऱ्हाईक दाराशी आले, त्याला बाहेरच गाठून म्हणाले, "उद्या या. त्या झोपल्यात." गिऱ्हाईक म्हणाले, "बरं नाही का?" काका म्हणाले, "बरं आहे. म्हणूनच झोपल्यात."

साडेनऊ वाजता माझी बॅटरी संपली. काकूंना तेव्हाही जाग आली नव्हती. त्या रात्रीचा प्राणवायू किती होता, मला आठवत नाही. मी त्या मोठ्या आकड्याकडे पाहिलेच नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला नीट घट्ट बांधा आणि त्याच्या एका रात्रीच्या बोलण्यावर घर डोक्यावर घेऊ नका. तो रोज रोज तेच सांगू लागला, तर मात्र त्याला खोटे पाडू नका आणि त्याला दुसऱ्याच्या हातात बांधू नका. मोठ्यांना डॉक्टरांकडे जायला सांगा, ते टाळत असतील तर पुन्हा सांगा. आणि आकडा वाचून झाला की घरात एकदा विचारा, रात्री कोण जागे असते. ज्याचे नाव निघेल, त्याला सकाळी थोडे उशिरा उठवा.